ब्यूलीचा जुना बाजार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनच्या खाडीपलीकडे पश्चिमेस, 'न्यू फॉरेस्ट' या नावाचा एक विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. नावाप्रमाणे हे 'नवे अरण्य' होय. परंतु त्याचे नवेपण विल्यम राजाच्या काळचे आहे. त्याने ते १०७९ च्या सुमारास आपल्या मृगयेसाठी राखून ठेवले, आणि तेव्हा जे नाव पडले ते आजतागायत चालत आले आहे. अरण्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे दंडकारण्य उभे राहते तसे मात्र येथे काही नाही. ओक आणि बीच यांची दाट राने मधून मधून लागतात खरी, पण त्यांच्यामध्ये मैलोगणती उघडे माळ आहेत, आणि भाद्रपदाच्या सुमारास त्या माळांवर हेदर नावाचे खुजे झुडूप जांभळ्या फुलांनी भरून जाते. रस्त्याने तट्टे मोकळी हिंडतात. ती रानटी असावीत असे नवख्यास वाटते, पण प्रत्येकास धनी आहे. या रानात गुरे चारण्याचा हक्क ज्या कुटुंबांस पिढ्यान् पिढ्या आहे, त्यांची ती जनावरे. एखादे तट्टू रस्त्याच्या ऐन मध्यावर उभे राहून विचार करू लागले म्हणजे दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबतात. कोणी कर्णा वाजवीत नाही, हे पाहून आम्हांस फार नवल वाटले.

या अरण्याच्या आग्नेय बाजूस एका लहानशा नदीच्या काठी ब्यूली हे गाव आहे. इंग्रजी लिपीत हे नाव ज्या रीतीने लिहितात, त्यावरून त्याचा उच्चार 'ब्यूली' होत असेल असे कोणाही शहाण्या माणसास वाटणार नाही. मूळ शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'सुंदर स्थळ'. तेथे १२०४ साली जॉन राजाने सिस्टर्शियन पंथाच्या साधूंस मठ बांधून दिला. त्या मठाचे लॅटिन नावही याच अर्थाचे होते. म्हणजे आपल्याकडील 'रम्यस्थळी'च म्हणा. पुढे आठव्या हेन्री राजाने देशातील सर्व मठ मोडले, त्या लाटेत १५३८ साली हाही मोडला. आता त्याच्या काही भिंती, एक भोजनगृह व वेशीची इमारत एवढेच उरले आहे. भोजनगृहात गावचे देवालय आहे आणि वेशीच्या इमारतीत माँटेग्यू घराण्याचा वाडा आहे.

या माँटेग्यू घराण्याचा हिंदुस्थानाशी एक संबंध आहे. तो आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल, म्हणून येथे सांगतो. घराण्यातील दुसरे लॉर्ड जॉन माँटेग्यू हे इंग्लंडातील मोटारीच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक. मोटारीस लोक जेव्हा सैतानाचे वाहन म्हणत, तेव्हा ते मोटारीविषयी एक नियतकालिक चालवीत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने त्यांस लष्करी मोटार-वाहतुकीविषयी सल्ला देण्यासाठी बोलाविले, आणि त्या कामी ते 'पर्शिया' नावाच्या बोटीने मुंबईस येण्यास निघाले. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली. तीनशेंहून अधिक माणसे गेली. लॉर्डसाहेब एका फुटक्या होडीस धरून एक दिवसाहून अधिक काळ समुद्रात तरंगत राहिले व वाचले. घरी परतले तेव्हा वृत्तपत्रांत आपलेच मृत्युलेख छापून आलेले त्यांनी वाचले! त्यांच्याबरोबर असलेली त्यांची चिटणीस एलिनॉर थॉर्नटन मात्र बुडाली. रोल्स-रॉईस मोटारीच्या नाकावर पंख पसरून झुकलेली जी स्त्रीमूर्ती असते, ती याच बाईंवरून घडविली असे सांगतात. त्याच बोटीत कपूरथळ्याच्या महाराजांची जवाहिरेही होती. महाराज स्वतः मार्सेय येथे उतरले, म्हणून बचावले.

या जॉनसाहेबांचे चिरंजीव एडवर्ड यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १९५२ साली वाड्याच्या दिवाणखान्यात पाच जुन्या मोटारी मांडून ठेवल्या व लोकांस पाहावयास खुल्या केल्या. वाड्याचे छप्पर गळत होते, दुरुस्तीस पैसा नव्हता, आणि सरदारकी काही छप्पर शाकारीत नाही. त्या पाच मोटारींचे वाढत वाढत १९७२ साली राष्ट्रीय मोटार संग्रहालय झाले. हे एडवर्ड २०१५ साली वारले. संग्रहालयाचे वर्णन आम्ही करीत नाही. ते पुष्कळांनी केले आहे, आणि आम्हांस तेथे जावयाचे होते ते निराळ्याच कारणासाठी. १९६७ सालापासून त्या वाड्याच्या लगतच्या शेतांत मोटारींच्या जुन्या भागांचा एक बाजार भरतो. हल्ली तो दरसाल सप्टेंबरात असतो. त्यास 'ऑटोजंबल' म्हणतात, आणि हा शब्दही येथल्याच लोकांनी जोडून घडविला. चर्चच्या आवारात गरीबगुरिबांसाठी जुन्यापान्या वस्तूंची जी विक्री होते, तीस इंग्रजीत 'जंबल सेल' म्हणतात. त्या शब्दाच्या पाठीवर मोटारीस बसविले, इतकेच.

आता आमच्यासारख्या संस्कृत शिकविण्यात हयात घालविलेल्या मास्तराचे तेथे काय काम, असे कोणीही विचारील. ते सांगणे प्राप्त आहे.

सांगलीस आमच्या एकत्र कुटुंबाच्या घरामागे, पूर्वीच्या गोठ्यात, १९३५ सालची 'ऑस्टिन सेव्हन' मोटार उभी आहे. आपल्याकडे तीस 'बेबी ऑस्टिन' म्हणत. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या मुलास हाताशी धरून आपल्या घरीच बसून तिचे आराखडे काढविले, व १९२२ साली ती बाजारात आणली. तिच्या इंजिनाचा आकार पुढे ७४७ घनसेंटिमीटर ठरला. म्हणजे आजच्या पुष्कळ फटफटींहून थोडाच मोठा. १९३९ पर्यंत सुमारे २ लक्ष ९० हजार गाड्या निघाल्या. ज्यांस घोडागाडी परवडे पण मोठी मोटार परवडत नसे, अशा डॉक्टर-वकिलांस ती फार सोयीची वाटली. आमचे आजोबा वकील होते. त्यांनी ती दुसऱ्या हाताने घेतली. त्यांच्यामागे वडिलांनी चालविली, आणि १९६९ साली ती जी गोठ्यात गेली ती गेलीच. थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतो, ते त्या गाडीत बसून शाळेत गेलेले. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. आमच्या वाट्यास तिच्या टपावर वाळत घातलेल्या सांडग्यांची राखण तेवढी आली.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेस महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढले. आमच्या घराचा खालचा मजला सात दिवस पाण्यात होता. गोठ्याची मागची भिंत खचली आणि गाडी टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर चिखल उपसला, धान्य टाकून दिले, गाद्या टाकून दिल्या. गाडीकडे पाहण्यास कोणास सवड झाली नाही. पुतण्या यंत्रविद्येचा पदवीधर आहे. त्याने दीड-दोन वर्षांनी मागच्या आसाची पेटी उघडली, तेव्हा आत वंगणाऐवजी कृष्णेचा गाळ निघाला. पिनियनच्या दातांना गंजाने खड्डे पडले होते. भंगारवाल्याने गाडीस सात हजार रुपये सांगितले.

घरात यावर बरेच दिवस बोलणे झाले. वहिनींचे म्हणणे असे की, खचलेली भिंत अजून तशीच आहे, धाकट्या नातीच्या कॉलेजची फी आहे, आणि जिचे एक चाक हलत नाही तिच्यावर पैसा घालणे म्हणजे मेलेल्या म्हशीस सरकी चारणे होय. आमच्या मते वहिनींचे म्हणणे अगदी रास्त होते. दादा काही बोलत नसत. परंतु भंगारवाला दुसऱ्यांदा दारी आला, तेव्हा ते गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि तो जाईपर्यंत उठले नाहीत. शेवटी ठरले ते असे की, भिंत आधी बांधावयाची, गाडीस घरच्या तिजोरीतून एक पैसाही नाही, आणि ज्यास हौस असेल त्याने आपल्या खिशातून करावे. भिंत बांधली गेली. त्यानंतर गेल्या वर्षी, आमचे चिरंजीव साउदॅम्प्टनास नोकरीस असल्याने आम्ही उभयता तेथे तीन महिने राहावयास गेलो. तेव्हा पुतण्याने एक कागद बरोबर दिला. त्यावर गाडीचे साल, आसाचा प्रकार, दातांची संख्या, भोकांची मापे आणि चार आकृत्या होत्या. खाली लिहिले होते, 'काका, क्राउन व पिनियन. निदान पिनियन.'

बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळी लौकर निघालो. साउदॅम्प्टनहून मोटारीने पाऊण तासाचा रस्ता आहे. रेल्वेने येणाऱ्यास ब्रॉकनहर्स्ट हे जवळचे स्थानक. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. शेतात तंबूंच्या व गाड्यांच्या लांबच लांब ओळी होत्या. दुकाने दोन हजारांच्या घरात असतात असे म्हणतात. आम्ही मोजली नाहीत, पण दुपारपर्यंत चालून अर्धीही संपली नाहीत, यावरून खोटे नसावे. गवतावर ताडपत्र्या पसरून त्यांवर काय नव्हते! दिव्यांच्या काचा, कार्बाइडचे पितळी दिवे, वेगमापकांच्या तबकड्या, मॅग्नेटो, तेलाचे डबे, मुलामा दिलेल्या जाहिरातीच्या पाट्या, टायर, स्टिअरिंगची चाके, जुनी माहितीपुस्तके, आणि ज्यांचे नाव मालकासही सांगता येत नाही असे गंजलेले लोखंड. मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याचे भंगार आणि पुण्याच्या मंगळवार पेठेतील बुधवार-रविवारचा जुना बाजार एकत्र करून त्यांतून ओरडा वजा केला, तर जे राहील ते हे.

काही गिऱ्हाइकांनी पाठीवर पुठ्ठे बांधले होते, आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत आपणांस काय हवे ते लिहिले होते. एका वृद्ध गृहस्थाच्या पाठीवर एका जुन्या गाडीचे नाव आणि 'डावा मागचा दिवा' एवढेच होते. आमच्या सौभाग्यवतींनी ते वाचून घेतले व म्हणाल्या, "उपवर मुलींच्या बापांनी असे केले असते तर किती वणवण वाचली असती."

या बाजारातील विक्रेते कोण, हे समजून घेण्याजोगे आहे. मोठे व्यापारी थोडे. बहुतेक जण असे की, ज्यांच्या घरी स्वतःची एखादी जुनी गाडी आहे. तिच्यासाठी म्हणून एक मोडकी गाडी घेतली. तिच्यातील चार भाग लागले, चाळीस उरले. ते उरलेले विकण्यास येथे आले आणि विकता विकता आणखी साठ घेऊन गेले. अशा रीतीने वीस-तीस वर्षांत घरामागची खोली भरते. सेवानिवृत्त फिटर, कातारी, शाळामास्तर, टपालवाले असे हे लोक. आदल्या दिवशीच येऊन गाडीत किंवा तंबूत राहतात, स्टोव्हवर चहा करतात. जर्मनी, हॉलंड व फ्रान्स येथूनही कित्येक येतात. मात्र इंग्लंड युरोपच्या संघातून निघाल्यानंतर, २०२१ पासून, त्यांस सीमेवर मालाचे कागद करावे लागतात आणि त्याविषयी त्यांची कुरकुर ऐकू येते. काही जण जुने भाग विकीत नाहीत, नवे घडवितात: घरच्या लेथवर बुश कातून, लाकडाचा साचा करून लहान ओतशाळेतून ओतीव घेऊन. कारखाना बंद झाला, कंपनीचे नावही गेले, तरी गाडी चालती राहते ती या माणसांमुळे. ऑस्टिन सेव्हनचे भाग्य या बाबतीत थोर आहे. तिच्यासाठी निघालेला '७५० मोटर क्लब' १९३९ पासून आहे. कॉलिन चॅपमन यांनी आपली पहिली 'लोटस' १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच बांधली होती.

ज्यास असे भाग घ्यावयाचे आहेत त्याने काय पाहावे, हे आम्हांस त्या दिवशी निरनिराळ्या तंबूंतून ऐकावयास मिळाले. पहिली गोष्ट साल. एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाने फरक होत असतो. ऑस्टिन सेव्हनचा क्रँक १९३६ च्या मध्यापर्यंत दोन बेअरिंगांवर फिरे, नंतर तीन. तेव्हा १९३५ च्या गाडीस १९३७ चा क्रँक घेणारा मनुष्य केवळ एक जड वस्तू घरी नेतो. दुसरी गोष्ट आटे. त्या काळी इंग्लंडात व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ठरविलेल्या पद्धतीचे व तिच्यापासून पुढे निघालेल्या बारीक पद्धतीचे आटे असत. त्यांच्या पान्यावर जे माप लिहिलेले असते, ते नटाच्या तोंडाचे नसून बोल्टच्या दांड्याचे असते. हे ठाऊक नसलेला कारागीर मिलिमीटरच्या पान्याने नटाचे कोपरे खाऊन टाकतो. आमच्या गाडीचे निम्मे नट आजोबांच्या वेळच्या ड्रायव्हरने असेच गोल करून ठेवले आहेत. तिसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. मूळ खोक्यात, मेणकागदात गुंडाळलेला, ऐंशी वर्षांत कधी न वापरलेला 'जुना कोरा' माल पाहून माणसास मोह पडतो. लोखंड, पितळ, काच असेल तर खुशाल घ्यावे. परंतु रबर असेल तर पडल्यापडल्याच ते भुसभुशीत झालेले असते, आणि ठिणगीच्या यंत्रातील कंडेन्सर असेल तर आतील कागद दमट होऊन निकामी झालेला असतो. या दोन वस्तू नव्याच घ्याव्यात.

फसवणूक होत नाही असे नाही. एका ठिकाणी जुन्या म्हणून मांडलेल्या मुलाम्याच्या पाट्यांच्या मागच्या बाजूस चारही कोपऱ्यांवर अगदी सारखा गंज होता. आमच्या चिरंजीवांनी तो बोटाने पुसला, तर बोटास रंग लागला. आम्ही काही न बोलता पुढे गेलो. विक्रेताही काही बोलला नाही. याच्या उलट, तेथून पाच-सहा ओळी पलीकडे एक बाई होत्या. यजमान वसंतात वारले, आणि त्यांनी जमविलेले सर्व भाग मुलाने आणून मांडले होते. बाईंस कोणत्याच वस्तूचे नाव ठाऊक नव्हते. एका गिऱ्हाइकाने एक लहानसा कार्ब्युरेटर उचलून किंमत विचारली. बाई म्हणाल्या, "दहा पौंड?" त्याने तो खाली ठेवला आणि म्हणाला, "बाईसाहेब, याचे कोणीही शंभर देईल. यावर तसे लिहून ठेवा." मग त्याने स्वतःच एक चिठी लिहून त्यास बांधली व निघून गेला, कारण त्यास स्वतःस तो शंभराला नको होता. हा गृहस्थ कोण, कोठला, आम्हांस माहीत नाही.

आमचे काम दुपारी एकच्या सुमारास झाले. एका हिरव्या ताडपत्रीखाली केवळ दातेरी चाके मांडून एक वृद्ध बसले होते. पूर्वी ईस्टली येथील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्यापाशी शाळेच्या हजेरीपुस्तकासारखी एक वही होती. कोणती जोडी कोणत्या गाडीतून काढली, दात किती, कोणाची किती झिजली, हे सर्व तीत सुवाच्य अक्षरांत. वही पाहताच आमच्या मनात या मनुष्याविषयी विश्वास उत्पन्न झाला. ज्याची वही नीट, त्याचे गणित सहसा चुकत नाही, हा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव.

पुतण्याचा कागद त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला. "हे कोणी लिहिले?" म्हणाले. आम्ही सांगितले. "बरे लिहिले आहे," असे म्हणून त्यांनी खालच्या पेटीतून तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक जोडी काढली. दात मोजले, जुळले. मग त्यांनी आमचे बोट धरून एका दाताच्या टोकावरून फिरविले. दाताच्या वरच्या भागास पाणी देऊन कठीण केलेले असते. तो थर झिजला की धार सुरीसारखी लागते व नख अडकते. येथे नख अडकले नाही.

आम्ही म्हणालो की, आमचे क्राउन चाक त्या मानाने बरे आहे, पिनियन तेवढी द्यावी. त्यावर ते म्हणाले, "नाही देणार."

किंमत वाढविण्याची ही रीत असावी असा आमचा समज झाला. तसे नव्हते. त्यांनी दोन्ही भाग उजेडात धरून त्यांवर कोरलेली एकच खूण दाखविली. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच बसवितात, आणि पुढे जन्मभर ती एकमेकांच्या झिजेने झिजतात. एकीस काढून दुसरीच्या गळ्यात बांधली तर दात लागतात, पण ओरडतात. आणि थोड्याच दिवसांत दोन्ही खराब होतात. "मी ही तोडून विकली," ते म्हणाले, "तर तुमची गाडी रडेल, आणि माझ्याकडे जी उरेल ती कोणाच्याच उपयोगाची नाही." सौभाग्यवतींनी सर्व संभाषणाचा अर्थ चिरंजीवांकडून समजावून घेतला व मान डोलाविली.

जोडीची किंमत त्यांनी १८० पौंड सांगितली. म्हणजे आपले जवळजवळ वीस हजार रुपये. नव्याने घडविलेली जोडी याच्या कितीतरी पट महाग पडते हे आम्ही दुसरीकडे ऐकले होते. तरीही वीस हजार म्हणजे आमच्यासारख्या निवृत्त मास्तराच्या निवृत्तिवेतनातून एकदम काढण्याची रक्कम नव्हे. येथे भाव करण्याची रीत आपल्यासारखी निम्म्यापासून सुरू होत नाही. "आपली शेवटची किंमत काय होईल?" असे एकदा सभ्यपणे विचारावे आणि गप्प बसावे. आम्ही विचारले. त्यांनी उलट विचारले, "गाडी कोणाची?" तेव्हा चिरंजीवांनी खिशातील फोनवर तिची चित्रे दाखविली: पुरापूर्वीची, पुरातली, आणि चिखल काढल्यानंतरची. पाण्यातून फक्त टप वर दिसत आहे असे एक चित्र आहे. ते त्यांनी बराच वेळ पाहिले. नदीचे नाव विचारले आणि वहीच्या शेवटच्या पानावर 'कृष्णा, १९३५, सलून' असे लिहून घेतले. मग १५० म्हणाले. आम्ही दिले. याहून कमी मागणे आमच्या जिवावर आले.

परत येताना मनात एक शास्त्रार्थ घोळत होता. आस बदलला, दात बदलले, उद्या तारा बदलतील, परवा चामडे. मग ती आजोबांची गाडी राहिली कोठे? नैयायिक म्हणतात, अवयवांहून अवयवी निराळा आहे, केवळ त्यांची बेरीज नव्हे. तरी एखादा अवयव बदलला की जुना अवयवी गेला, नवा झाला, असेही तेच म्हणतात. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने ग्रीक राजास नेमके रथाविषयीच विचारले आहे: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, आणि नाही म्हणशील तर रथ कोठे आहे? राजाने त्यास अखेर उत्तर दिले. आमच्या सरकारनेही आपले उत्तर दिले आहे. जुलै २०२१ मध्ये निघालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, परंतु तिच्या मूळ सांगाड्यात, कायेत व इंजिनात भारी फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात. पूर्वी नोंदलेल्या गाडीस आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. ती रोजच्या वापरास किंवा भाड्यास चालविता येत नाही. प्रदर्शने, जुन्या गाड्यांच्या रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणावयाची. आजोबांचे नोंदणीपुस्तक माळ्यावरच्या ट्रंकेत असल्याने पुरातून वाचले, ही देवाची कृपा.

जोडी आम्ही जुन्या धोतरात गुंडाळून मोठ्या पेटीत ठेवली. विमानतळावर पेटी उघडावी लागली. तेथील तरुण अधिकाऱ्याने दातेरी चाक हातात घेऊन हे काय म्हणून विचारले, आणि सांगितल्यावर त्याने ते आमच्याहूनही चांगले गुंडाळून दिले.

सांगलीस पुतण्याने ती जोडी बसविताना दातांस निळा रंग लावला. तो फिरवून पाहिला म्हणजे दात दातास कोठे भिडतो याचा ठसा उमटतो. पहिल्या वेळी ठसा दाताच्या टोकाकडे आला, दुसऱ्या वेळी मुळाकडे. मध्ये पातळ चकत्या घालून तिसऱ्या वेळी तो मध्यावर आला. दादा खुर्ची घेऊन जवळ बसले होते. त्यांस आता नीट दिसत नाही, म्हणून पुतण्याने चाक हाताने फिरविले आणि त्यांनी कान लावून ऐकले. "बोलत नाही," म्हणाले. वहिनी चहा घेऊन गोठ्यात आल्या होत्या. नवी भिंत बांधल्यापासून त्या प्रथमच तेथे येत होत्या. गाडी सुरू झाली म्हणजे आपणांस गणपतीच्या देवळापर्यंत नेणार का, असे त्यांनी विचारले.

ब्रेकच्या तारा अद्याप यावयाच्या आहेत. पुतण्याने दुसरा कागद तयार केला आहे. त्यात तारांखेरीज रेडिएटरची टोपी, डाव्या दाराची मूठ आणि व्हिटवर्थ मापाचे पाने इतक्या वस्तू आहेत. तो आम्ही चिरंजीवांकडे पाठविला असून, हिरव्या ताडपत्रीची ओळ कोणती तेही त्यांस लिहून कळविले आहे.